बातमी दिल्लीची, भाव रावेरचा: परराष्ट्र धोरण वाचण्याची एक रीत

परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की गप्पा लगेच नेत्यांच्या गळाभेटीवर, कोण कोणाला दबला यावर, नाहीतर थेट तिसऱ्या महायुद्धावर जातात. टीव्हीवर तेच चालतं, म्हणून चहाच्या टपरीवरही तेच. पण खान्देशातल्या माणसाला या विषयात शिरायला फार सरळ दरवाजे आहेत. रावेर-यावलची केळी आखातात जाते. चोपडा, धरणगाव, पारोळ्याच्या जिनिंगमधल्या रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्याकडे बघून ठरतो. जळगावच्या डाळ मिलमध्ये म्यानमार आणि मोझांबिकची तूर भरडली जाते. ठिबकमधून सुटणाऱ्या विद्राव्य खताचा मोठा हिस्सा चीनहून यायचा. एवढ्या चार वस्तूंमागे नीट लागलं तर जगातल्या निम्म्याअधिक घडामोडी उलगडतात, आणि त्या भाषणं ऐकून उलगडतात त्यापेक्षा जास्त खऱ्या उलगडतात.

बातमी आली की आधी तिच्यामागचा कागद शोधायचा. अधिसूचना निघाली का, कोणत्या तारखेपासून, कोणत्या मालाला? मग तो माल आणि त्याचे पैसे कोणत्या वाटेने येतात-जातात ते बघायचं. आणि शेवटी विचारायचं की ही वाट बंद झाली तर दुसरी वाट उभी करायला किती दिवस लागतील. देशाचं धोरण बळकट की कमकुवत, हे बहुतेक वेळा या शेवटच्या प्रश्नावर ठरतं. नेत्याचा आवाज किती चढला होता यावर नाही.

वाटाण्याची तारीख

पिवळ्या वाटाण्यापासून सुरुवात करतो, कारण अधिसूचना वाचायची कशी हे त्यातून सगळ्यात स्वच्छ दिसतं. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क होतं आणि किलोला २०० रुपयांची किमान आयात किंमत. म्हणजे आयात जवळपास बंदच. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारने शुल्क शून्यावर आणलं. पहिली मुदत ३१ मार्च २०२४ ची. ती वाढत वाढत २०२५ च्या मे महिन्यात ३१ मार्च २०२६ पर्यंत गेली. मग २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, मुदत संपायला पाच महिने बाकी असताना, नवी अधिसूचना निघाली: १ नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क.

आता यात बारीक अक्षरात काय होतं ते बघा. ज्या मालाचं बिल ऑफ लेडिंग ३१ ऑक्टोबर २०२५ किंवा त्याआधीचं, तो माल शून्य शुल्काने येणार होता. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढल्यावर जहाज कंपनी देते ती पावती. कॅनडाच्या व्हँकुव्हरहून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर माल यायला महिना-दीड महिना जातो. म्हणून शुल्क लागल्याची बातमी पेपरात आली तरी बिनशुल्काचा वाटाणा डिसेंबरपर्यंत बंदरात उतरत राहणार, हे त्या एका ओळीतच लिहिलेलं होतं. बातमी वाचून हरभऱ्याचा भाव उद्या चढेल असं धरणारा शेतकरी आणि ती ओळ वाचलेला व्यापारी, या दोघांमध्ये फरक एवढाच. हरभऱ्याशी वाटाण्याचा संबंध बेसनाचा आहे. वाटाणा स्वस्त झाला की तो बेसनात जातो आणि हरभरा मागे पडतो.

यातून दुसरी गोष्ट कळते. अधिसूचनेतली मुदत म्हणजे सरकारचं वचन नव्हे. ती वाढते तशी मधेच तुटतेही. तिच्या भरवशावर माल साठवणारा आणि तिच्या भरवशावर पेरणी करणारा, दोघेही अडचणीत येऊ शकतात.

याच वाटाण्यात कॅनडाचं सगळं प्रकरण दिसतं. १८ सप्टेंबर २०२३ ला तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी त्यांच्या संसदेत खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर याच्या हत्येवरून भारतावर आरोप केला. पुढे व्हिसा थांबले, त्यांचे ४१ राजनैतिक अधिकारी परत गेले, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा अधिकारी काढले. वाहिन्यांवर दोन देशांचे संबंध संपले होते. बंदरात मात्र कॅनडाची मसूर आणि वाटाणा उतरतच होते. भांडण सुरू होऊन तीन महिने व्हायच्या आतच आपण वाटाण्याचं शुल्क शून्य केलं, ही तारीख कोणाच्या नजरेत आली नाही. दोन्ही सरकारांनी भांडण आणि धान्य या दोन वाटा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. पुढे मार्च २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के शुल्क बसवलं. कॅनडाचा मोठा गिऱ्हाईक गेला, भारताची गरज त्यांना वाढली. त्या जूनमध्ये कॅनडाचे नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी जी-७ च्या बैठकीला भारताच्या पंतप्रधानांना बोलावलं आणि ऑगस्टमध्ये दोन्हीकडे उच्चायुक्त नेमले गेले. एकट्या वाटाण्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण वाटाणा सोडून ही गोष्ट पूर्ण सांगताही येत नाही.

तुरीचं गणित वेगळं आहे. २०१५-१६ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती. त्यानंतर जुलै २०१६ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या मापुतो (मोझांबिकची राजधानी) भेटीच्या वेळी मोझांबिकशी तूर खरेदीचा करार झाला, पुढे तो वर्षाला २ लाख टनांपर्यंत गेला. २०२१ मध्ये मलावीशी ५० हजार टन तुरीचा आणि म्यानमारशी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडदाचा करार झाला. आफ्रिकेत चीनसारखे रस्ते-रेल्वे बांधायला आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण तिथल्या लहान शेतकऱ्याची तूर विकत घेणारा देश आपणच. हे खरोखर आपलं वजन आहे.

तूर कधी येते हेही पाठ असावं. मोझांबिकची काढणी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते, जहाजं सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत लागतात. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. म्हणजे आफ्रिकेचा माल नेमका आपल्या हंगामाच्या तोंडाशी. म्यानमारची तूर आपल्या तुरीच्या पाठोपाठच येते, आणि यांगूनहून चेन्नईला जहाज आठवड्याच्या आसपास पोहोचतं, त्यामुळे तिचा परिणाम बाजारावर लगेच दिसतो. तिथे २०२१ पासून लष्कराची सत्ता आणि गृहयुद्ध आहे. दिल्ली त्या लष्करी राजवटीशी बोलणं तोडत नाही याची मोठी कारणं ईशान्येची सीमा आणि चीन ही आहेत, पण डाळ हेही लहानसं कारण आहे. मोझांबिकमध्ये २०२३ च्या अखेरीस निर्यातदारांच्या आपसातल्या वादात नकाला बंदरात तूर अडकली तेव्हा इथल्या मिलवाल्यांना ते लगेच जाणवलं. करार दोन सरकारांचा असला तरी माल खासगी माणसाच्या गोदामात असतो, आणि तिथल्या कोर्टाचा एक आदेश सगळा करार काही आठवडे लटकवू शकतो.

बंदी जाहीर न करता बंदी

खताची गोष्ट यापेक्षा अवघड आहे, कारण तिच्यात कागदच सापडत नाही.

केळीला ठिबकमधून १९:१९:१९, १२:६१:०, ०:५२:३४, १३:०:४५ ही खतं जातात; हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशच्या टक्क्यांचे. यातल्या १२:६१ आणि ०:५२:३४ चा जीव स्फुरदात आहे. आपल्याकडे चांगल्या प्रतीचा फॉस्फेट खडक फार कमी, तो थोडाफार राजस्थानात. जगात स्फुरद आहे तो मोरोक्को, चीन, सौदी, जॉर्डन, रशियाकडे. विद्राव्य खतांत चीनवरचं आपलं अवलंबन फार होतं, कारण त्यांचा माल स्वस्त आणि वाट जवळची.

ऑक्टोबर २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीला सरकारी तपासणीची अट घातली. ऐकायला हे गुणवत्तेचं काम वाटतं. प्रत्यक्षात ही झडप आहे. तपासणीचा दाखला दिला तर माल सुटतो, नाही दिला तर बंदरातच राहतो. बंदीचा आदेश कुठेच नाही, त्यामुळे जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार तरी कशाची करणार? २०२५ च्या मे-जूनमध्ये भारताकडे येणाऱ्या विशेष खतांचे दाखले थांबले आणि बाकी देशांना माल जात राहिला. त्याच वेळी विजेच्या मोटारींत लागणाऱ्या दुर्मीळ मृदा चुंबकांवर आणि बोगदे खोदणाऱ्या यंत्रांवरही अडवणूक होती. १८-१९ ऑगस्ट २०२५ ला चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा खतं, चुंबकं आणि बोगदा यंत्रं या तिन्हींबाबत आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. लडाखच्या सीमेवरची बोलणी आणि केळीच्या बागेतलं ०:५२:३४ एकाच टेबलावर होतं, असा त्याचा अर्थ.

अशी बातमी आली की आश्वासनावर थांबायचं नाही. माल सुटला का हे बंदरात आणि कृषी केंद्राच्या दरपत्रकात दिसतं, आणि दिसायला दीड-दोन महिने लागतात: दाखला, जहाज, बंदर, पॅकिंग, मग तालुका. तोपर्यंत बागेला थांबता येत नाही. पर्याय म्हणून युरिया, पांढरा पोटॅश आणि फॉस्फोरिक ॲसिड ठिबकमधून देता येतं, खर्चही कमी येतो. फक्त ॲसिड सोडताना पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि कॅल्शियम नायट्रेट व स्फुरद असलेलं कोणतंही खत एका टाकीत घालायचं नाही. साका बसतो, ड्रिपर बुजतात, आणि तो साका काढायला पुन्हा ॲसिडच सोडावं लागतं. दोन्हींमध्ये किमान दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवावं.

देशाच्या पातळीवर पर्याय काय, तर त्याचं चांगलं उदाहरण डीएपी या नत्र-स्फुरदाच्या दाणेदार खताचं आहे. चीनची डीएपी २०२४-२५ मध्ये आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आली. टंचाई आपण भोगली, १३५० रुपयांच्या गोणीसोबत नको तो माल गळ्यात मारणारं लिंकिंगही भोगलं. पण जुलै २०२५ मध्ये सौदीच्या मादेन कंपनीशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला. परराष्ट्र धोरण असंच असावं. गाजावाजा नाही, गळाभेटीचा फोटो नाही, पाच वर्षांचा लेखी पुरवठा. विद्राव्य खतांसाठी असा करार अजून व्हायला हवा. केळी, द्राक्ष, डाळिंब पिकवणारे जिल्हे मतदारसंघ म्हणून मोठे आहेत, त्यांच्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न लावून धरला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

होर्मुझच्या आत की बाहेर

आखाताची बातमी आली की आधी नकाशा उघडावा आणि एकच गोष्ट बघावी: आपला माल उतरतो ते बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे इराण आणि ओमानमधल्या अरुंद समुद्री वाटेच्या, आत आहे की बाहेर. इराणचं बंदर अब्बास सामुद्रधुनीच्या तोंडावरच. दुबईचं जेबेल अली, सौदीचं दम्माम, कतारचं हमद, कुवेत, इराकचं उम्म कस्र ही सगळी आत. ओमानचं सोहार आणि सलालाह, अमिरातीचं खोर फक्कान आणि फुजैरा, इराणचं चाबहार ही बाहेर. सौदीचं जेद्दा तिसऱ्याच बाजूला, तांबड्या समुद्रावर. होर्मुझ पेटलं तर जेद्दाची वाट चालू राहू शकते. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी पेटली तर उलटं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा ते चौदा दिवस जास्तीचे. जेबेल अलीची फेरी मात्र आहे तशीच होती. दोन्ही बातम्यांना 'आखाती संकट' म्हणून एकाच मथळ्यात कोंबलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

२०२४ मध्ये होर्मुझमधून दिवसाला सुमारे २ कोटी पिंप तेल गेलं, जगाच्या वापराच्या पाचव्या हिश्श्याएवढं. आपल्या घरातला गॅस सिलिंडरही बराचसा तिथूनच येतो, कारण देशाच्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो आणि तो मुख्यतः आखातातला. कतारचा नैसर्गिक वायू अडला तर युरियाचे कारखानेही अडतात.

आता केळीचा कंटेनर बघा. निर्यातीचा माल ७५ ते ८० टक्के पक्वतेला कापतात. फण्या धुऊन, चीक काढून, १३ किलोच्या खोक्यात भरतात. चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण दीड हजार खोकी, म्हणजे वीस टन. आत तापमान १३ ते १४ अंश. बाराच्या खाली गेलं की सालीला काळपट-करडी झाक येते आणि ती पिकवणगृहातही जात नाही. वर गेलं तर फळ पिकायला लागतं, आणि एक फणी पिकली की तिच्यातून निघणारं इथिलीन शेजारच्या खोक्यांना पिकवतं. न्हावाशेवा ते जेबेल अली आठवड्याच्या आत होतं, म्हणून या वाटेला थोडा उशीर खपतो. पण जहाज बंदराबाहेर नांगरून राहिलं, विजेचं कनेक्शन मिळालं नाही, किंवा माल दुसऱ्या बंदरात उतरवून ट्रकने न्यावा लागला, तर कंटेनर उघडल्यावर मिळतो तो भाव पाहून हातपाय गळतात.

भाड्याच्या आधी विमा हलतो. युद्धाचा धोका झाकणारा विमा वेगळा असतो आणि विमा कंपनी तो साधारण सात दिवसांची नोटीस देऊन काढून घेऊ शकते, कधी त्याहूनही कमी मुदतीत. मग नव्या दराने पुन्हा घ्यायचा. म्हणून गोळीबाराच्या बातमीपेक्षा विमा कंपन्या कोणता भाग धोक्याच्या यादीत टाकतात ही बातमी जास्त कामाची. सौद्याच्या कागदात वाढीव युद्ध विमा आणि भाडं कोणी भरायचं हे लिहिलेलं नसेल तर ते शेवटी माल पिकवणाऱ्याच्या भावातूनच वजा होतं, हे वड्याचं तेल वांग्यावर आपल्याकडे नवीन नाही.

इराणचं प्रकरण पैशांच्या वाटेचं आहे आणि ते नीट समजलं तर निर्बंध म्हणजे काय हे कायमचं समजतं. इराणला केळी, बासमती, चहा पाठवण्यावर अमेरिकेची थेट बंदी कधीच नव्हती. अन्न आणि औषधं निर्बंधांतून वगळलेली असतात. मग पैसे का अडले? भारत इराणकडून तेल घ्यायचा आणि त्याचे पैसे रुपयांत युको बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे. इराणी आयातदारांनी आपला माल घेतला की त्याच खात्यातून आपल्या निर्यातदाराला रुपये मिळायचे. डॉलरचा संबंधच नाही. ८ मे २०१८ ला अमेरिका इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडली, नोव्हेंबरमध्ये तेलावर निर्बंध आले, आणि मे २०१९ मध्ये भारताला असलेली सवलतही संपली. आपण तेल घेणं थांबवलं. त्या खात्यात नवे रुपये येणं बंद, जुने संपत गेले. विहिरीचा झरा आटल्यावर मोटारीत दोष शोधून उपयोग नसतो, तसं ते. त्यानंतर इराणचा सौदा म्हणजे पैसे तिसऱ्या देशातून, तिसऱ्याच कंपनीच्या नावाने आणि उशिरा. बँक अशा जमेवर प्रश्न विचारते, कधी परत पाठवते. म्हणून इराणच्या गिऱ्हाइकाशी सौदा करताना भाव किती हा दुसरा प्रश्न. पैसे कोणत्या खात्यातून येणार आणि माल सुटण्याआधी किती येणार, हा पहिला.

चाबहारकडेही याच नजरेने बघावं. १३ मे २०२४ ला आपण तिथल्या बंदराचा दहा वर्षांचा करार केला. अमेरिकेने दिलेली सवलत सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबरअखेरीस पुन्हा सहा महिन्यांसाठी दिली. करार दहा वर्षांचा आणि सवलत सहा महिन्यांची. तिथे क्रेन बसवायला कर्ज देणारी बँक दहा वर्षं बघत नाही, ती सहा महिने बघते.

अकरा टक्के म्हणजे क्विंटलला किती

कापसाचं सगळ्यांना माहीत आहे, तरी हिशेब मांडून ठेवतो, कारण त्यावर बोलताना आकडा क्वचितच सांगितला जातो. फेब्रुवारी २०२१ पासून कापूस आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क होतं. अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर २५ टक्के आणि रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. पुढे वाटाघाटींत हे आकडे बदलले, पण आपला कापूस निघाला तो याच काळात. १८ ऑगस्टला दिल्लीने कापसाचं आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, दहा दिवसांनी ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. कापड निर्यातदारांना कच्चा माल स्वस्त मिळावा हे सांगितलेलं कारण होतं. अमेरिका आपल्याला कापूस विकू इच्छिते, हा संकेतही त्यात होताच.

न्यूयॉर्कचा वायदा पाउंडाला सेंटमध्ये बोलतो. एका खंडीत ७८४ पाउंड, म्हणजे ३५६ किलोच्या आसपास. समजा भाव ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये. ७८४ गुणिले ०.७० म्हणजे ५४८.८ डॉलर, म्हणजे सुमारे ४६,६५० रुपये खंडी. त्यावर ११ टक्के म्हणजे सुमारे ५,१३० रुपये. एका खंडी रुईला साधारण सव्वादहा क्विंटल कापूस लागतो, ३४-३५ टक्के उतारा (कापसातून निघणारी रुई) धरून. म्हणजे शुल्क माफ झाल्याने कापसाच्या क्विंटलमागे ५०० रुपयांचं कुंपण निघून जातं. सरकीचा भाव वेगळा, तो यात धरलेला नाही. खान्देशात बागायती कापूस सप्टेंबरमध्ये आणि कोरडवाहू दसरा-दिवाळीला फुटतो, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंतची माफी म्हणजे आपल्या पहिल्या आणि चांगल्या वेच्यांचा सगळा काळ.

अशा वेळी हमीभाव हाच आधार उरतो. २०२५-२६ साठी तो लांब धाग्याला ८,११० रुपये होता. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, हा दर ८ टक्के ओलाव्याला असतो. वरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतात आणि १२ टक्क्यांवर माल घेतच नाहीत. या हिशेबाने तेव्हा ११ टक्के ओलाव्याच्या कापसाला ७,८६६ रुपये ७० पैसे बसत होते. सीसीआयच्या कपास किसान ॲपवर नोंदणी नसेल तर केंद्रावर उभं राहून उपयोग नाही. सातबाऱ्यावर पीकपेरा नसणं आणि आधारशी बँक खातं जोडलेलं नसणं, या दोन गोष्टींत सगळ्यात जास्त लोक अडकतात. दोन्ही कामं वेचणीच्या आधीच करून घ्यावीत.

सोन्याबद्दल एवढंच. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला, आणि त्यानंतर सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. जळगावच्या सराफ बाजारातल्या फलकावर जो आकडा चढत गेला, त्यामागे लग्नसराईपेक्षा हे कारण मोठं आहे.

निवेदनं वाचताना

कागदाचा दुसरा प्रकार म्हणजे संयुक्त निवेदन. ते कंटाळवाणं असतं हे खरं, पण त्यात काय नाही हे बघायची सवय लागली की कंटाळा जातो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. जूनअखेरीस चिंगदाओला शांघाय सहकार्य संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत निवेदनाच्या मसुद्यात पहलगामचा उल्लेख नव्हता, म्हणून राजनाथ सिंह यांनी सही केली नाही आणि निवेदन निघालंच नाही. १ सप्टेंबरला तियांजिनच्या शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात पहलगामचा स्पष्ट निषेध आला. सोबत पाकिस्तानातल्या जाफर एक्सप्रेसवरच्या हल्ल्याचाही आला. पहिली ओळ आपण मिळवली, दुसरी पाकिस्तानने. दोन्हींकडे चीनची संमती होती. या दोन बैठका शेजारी ठेवून बघितल्या की त्या दोन महिन्यांत काय बदललं आणि काय बदललं नाही, दोन्ही कळतं.

रशियाबाबतही तसंच. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या विरोधात मत दिलं, ५ देशांनी बाजूने, ३५ तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये होता. तटस्थ राहणं म्हणजे मत नसणं नव्हे. त्या वेळी भारताने वाचून दाखवलेल्या स्पष्टीकरणात सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा उल्लेख होता, फक्त रशियाचा निषेध नव्हता. कारण तेव्हा आपल्या सैन्याची बरीचशी शस्त्रं रशियन होती आणि चीन लडाखमध्ये समोर उभा होता. तेल तर नंतर आलं. युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढे एक तृतीयांशाच्या वर गेला. या सोयीची किंमत २०२५ मध्ये अमेरिकेच्या शुल्काच्या रूपाने कापड आणि कोळंबी विकणाऱ्यांनी मोजली. फायदा झाला तो रिफायनऱ्यांना आणि फटका बसला तो तिरुपूरला, सुरतेला. धोरण बरोबर होतं असं मानलं तरी त्याची झळ ज्याला बसते त्याला भरपाई देणं हाही धोरणाचाच भाग असायला हवा. तो आपल्याकडे राहून जातो.

दोन देशांच्या भेटीनंतर दोन्ही बाजूंची निवेदनं उघडून शेजारी ठेवावीत. आपल्या निवेदनात आहे आणि त्यांच्यात नाही, तो मुद्दा अजून मिटलेला नाही असं समजावं. 'सहमती झाली', 'चर्चा सुरू ठेवण्यावर सहमती झाली' आणि 'सहमत होण्याची आशा व्यक्त केली' या तिन्हींना मराठी मथळ्यात बहुतेकदा 'करार झाला' एवढंच होतं. करार झाला असेल तर त्याला तारीख आणि सह्या असतात. व्यापाराचा असेल तर पाठोपाठ सीमाशुल्क मंडळाची किंवा परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघते. ती दोन्ही संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत अधिसूचना क्रमांक नसेल तर ती पुढे पाठवू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू झालं. ११,४४० कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत मुदत, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची तूर, उडीद, मसूर हमीभावाने पूर्ण खरेदी करण्याचं आश्वासन. त्याच वेळी तुरीची बिनशुल्क आयात सुरू होती आणि तिची मुदत वर्षागणिक वाढत आली आहे. मोझांबिक-म्यानमारचे करार मोडावेत असं माझं मत नाही. ते शब्द दिलेले करार आहेत आणि पाळले पाहिजेत. पण त्या करारांबाहेरची खुली आयात चालू ठेवायची की नाही, हे दरवर्षी मेअखेर, पेरणीच्या आधी जाहीर व्हायला हवं आणि पुढच्या मार्चपर्यंत बदलता कामा नये. मापुतोच्या सरकारला आपण पाच वर्षांचं लेखी आश्वासन देऊ शकतो, तर अमळनेर-पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एका हंगामाचं का देऊ शकत नाही, हा प्रश्न परराष्ट्र, वाणिज्य आणि कृषी अशा तिन्ही मंत्रालयांना एकदम विचारावा लागेल, कारण यातल्या कोणत्याही एकाच्या हातात उत्तर नाही.